कोऱ्या कागदावरचा शिक्का: दाभोळला उतरलेले व्यापारी, दख्खनचे वजीर ख्वाजा महमूद गावान

न्हावा शेवा बंदरात जहाज कधी लागणार, हे आज कुणालाही मोबाईलवर दिसतं. पण त्यातला कंटेनर आपल्या ट्रेलरवर कधी चढणार, हे कोपरखैरणे, तुर्भे किंवा कळंबोलीच्या कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याला विचारून बघा. नक्की तारीख सांगताना तो दहा वेळा विचार करेल. जहाज धक्क्याला लागणं वेगळं आणि माल पुढे न्यायला मोकळा होणं वेगळं. मधल्या काळात गाडी आधी पाठवली तर ड्रायव्हर रांगेत बसून राहतो, उशिरा पाठवली तर पार्टीला डेमरेज भरावं लागतं. आपल्या कितीतरी घरांची रोजीरोटी या मधल्या दिवसांवर अवलंबून आहे.

हा प्रश्न कंटेनरबरोबर आलेला नाही. साडेपाचशे वर्षांपूर्वी याच कोकण किनाऱ्यावर तो होता, आणि तेव्हा तो आजच्यापेक्षा जास्त अवघड होता. त्या काळात एक इराणी व्यापारी दाभोळला उतरला, पुढे बहमनी सल्तनतीचा वजीर झाला, आणि बंदरापासून राजधानीपर्यंतची वाट भरवशाची करण्यात त्याने आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. ख्वाजा महमूद गावान हे त्यांचं नाव. शाळेच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल दोन-चार ओळी असतात: बिदरचा मदरसा, जमीन महसुलाच्या सुधारणा आणि खोट्या पत्रामुळे झालेला शेवट. ते मुळात व्यापारी होते, ही गोष्ट मात्र बऱ्याचदा मागे पडते.

गीलानहून दाभोळला

गावान यांचा जन्म १४११ च्या सुमाराचा. कॅस्पियन समुद्राकाठच्या गीलान प्रांतातलं गावान हे त्यांचं गाव, त्यावरूनच हे नाव. घराणं मोठं होतं, दरबारात मानाच्या जागांवर बसलेलं. पण जिथे मान, तिथे दुष्मनीही असते. दरबारी कारस्थानांना कंटाळून महमूद यांनी गाव सोडलं आणि व्यापार धरला. इराण आणि अरब मुलुखात ते खूप फिरले. माल विकता विकता आलिमांच्या सोबतीत बसायचं, ही त्यांची सवय होती. नोकरीसाठी बोलावणी आली तरी त्यांनी व्यापारच पसंत केला.

१४५३ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, ते दाभोळच्या बंदरात उतरले. आज दाभोळ हे दापोली तालुक्यातलं, वाशिष्ठी खाडीच्या मुखाशी असलेलं छोटं गाव आहे. आपल्यापैकी अनेकांची मूळ गावं त्याच खाडीच्या आसपास आहेत. त्या काळी मात्र दाभोळ हे दख्खनचं मोठं दार होतं. होर्मुझ आणि अरबस्तानहून इथे घोडे यायचे. दख्खनचं कापड इथून बाहेर जायचं. गावान यांना बिदरला जायचं होतं. शाह नेमतुल्लाह किरमानी यांचे नातू शाह मुहिब्बुल्लाह तिथे राहत होते. त्यांची भेट घ्यायची, माल विकायचा आणि पुढे दिल्लीला जायचं, असा बेत होता. दिल्ली राहूनच गेली. सुलतान अलाउद्दीन अहमद यांनी त्यांना बिदरमध्येच थांबवून घेतलं आणि हजाराची मनसब दिली.

जहाज आलं, माल कधी मिळणार?

त्या काळच्या व्यापाऱ्याला तारखेचा अंदाज कसा बांधावा लागत असेल, हे समजून घ्यायला हवं.

समुद्राचा भाग त्यातल्या त्यात सोपा होता. वारा ठरलेल्या महिन्यांत ठरलेल्या दिशेने वाहतो, हे नाखुद्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. पश्चिमेकडची गलबतं पावसाळ्याच्या आधी किंवा पावसाचा जोर ओसरताना कोकणात यायची. हिवाळ्यात वारा उलटला की परत जायची. ऐन पावसाळ्यात कोकणातली बंदरं बंद. म्हणजे गलबत साधारण कधी येईल, हे घरबसल्या सांगता येत होतं.

खरी अडचण किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर सुरू व्हायची. बंदरात जकात भरायची, ओझ्याची जनावरं आणि माणसं जमवायची, मग घाट चढायचा. दाभोळचा माल खाडीने चिपळूणपर्यंत आणि तिथून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जायचा. चौलचा माल बोरघाट किंवा नाणेघाटाकडे वळायचा. पाऊस सुरू झाला की घाट बंद. वाटेत एखादा किल्लेदार अडवू शकत होता, लुटारू गाठू शकत होते, किंवा एखाद्या ठाण्यावर अधिकाऱ्याची मर्जी फिरू शकत होती.

त्यातून माल जर घोडा असेल तर विचारूच नका. कापडाचा गठ्ठा वखारीत पडून राहिला तर भाडं तेवढं लागतं. घोडा पडून राहिला तर रोज चारा खातो, आजारी पडतो, कधी मरतो. आज फ्रीजवाल्या कंटेनरचं जे दुखणं आहे, तेच तेव्हा घोड्याचं होतं.

याची जिवंत साक्ष एका रशियन व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. त्वेर शहराचा अफानासी निकितिन गावान यांच्याच कारकिर्दीत चौलला उतरला. होर्मुझहून सहा आठवड्यांचा समुद्रप्रवास करून आलेल्या त्याच्याजवळ विकायला एकच घोडा होता. चौलहून जुन्नर गाठायला त्याला साधारण चोवीस दिवस लागले. तेवढ्यात पाऊस लागला. सगळीकडे पाणी आणि चिखल, वाट बंद. त्यात जुन्नरचा हाकीम असदखान याने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदलण्याची अट घातली. निकितिन अडून बसला. शेवटी खुरासानच्या एका मुसलमान खजिनदाराने मध्ये पडून घोडा सोडवला आणि ती अटही गेली. पुढे नाताळच्या सुमारास बिदरमध्ये तो घोडा विकला गेला. वर्षभर त्याला पोसल्याचा खर्च निकितिनने नीट नोंदवला आहे.

आता हिशेब करा. समुद्र ओलांडायला सहा आठवडे, आणि किनाऱ्यावरून बाजारात पोहोचून विक्री व्हायला अर्ध्या वर्षाहून जास्त. गलबताची तारीख बरोबर निघाली तरी व्यापाऱ्याचा अंदाज साफ चुकला. कारण चुकवणारं सगळं जमिनीवर होतं: पाऊस, घाट, ठाणेदार आणि त्याचा हुकूम.

मलिक-उत-तुज्जार

बिदरच्या दरबारात गावान झपाट्याने वर चढले. नलगोंड्याच्या बाजूला जलालखानाने बंड केलं, तेव्हा सुलतानाने त्यांनाच पाठवलं. बंड मोडलं, पण जलालखानाचा जीव वाचावा म्हणून रदबदलीही त्यांनीच केली, असं इतिहासकार सांगतात. १४५८ मध्ये हुमायून शाह गादीवर आला आणि त्याने गावान यांना मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार, हा किताब दिला.

बहमनी राज्यात हा किताब नुसत्या शोभेचा नव्हता. व्यापार जाणणाऱ्या माणसाला राज्याच्या सर्वात वरच्या रांगेत बसवण्याची ती रीत होती. पहिला मलिक-उत-तुज्जार खलफ हसन हा बसऱ्याहून आलेला घोड्यांचाच व्यापारी होता. दख्खनच्या फौजेला घोडे समुद्रापलीकडून आणावे लागत. ते वेळेवर आले नाहीत तर फौज पायी. त्यामुळे माल कधी हाती येणार हा प्रश्न इथे थेट तख्ताचा प्रश्न होता.

हुमायूननंतर निजाम शाह हा लहान मुलगा गादीवर बसला. तेव्हा कारभार तिघांनी सांभाळला: राजमाता मखदूमा-ए-जहाँ, ख्वाजा जहाँ तुर्क आणि महमूद गावान. माळव्याच्या सुलतानाने बिदरवर चाल केली तेव्हा गावान यांनी गुजरातच्या महमूद बेगड्याची मदत मिळवून राज्य वाचवलं. पुढे तिसऱ्या मुहम्मद शाहच्या काळात ते मुख्य वजीर झाले. सुलतान वयाने लहान, त्यामुळे राज्याचा सगळा भार त्यांच्या खांद्यावर आला.

तीन वर्षं घाटात आणि जंगलात

१४६९ मध्ये गावान स्वतः कोकणच्या मोहिमेवर निघाले. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि संगमेश्वर इथले राजे घाटाच्या तोंडावर बसलेले होते. त्यांची जहाजं समुद्रात व्यापाऱ्यांना आणि हाजींना लुटत, अशी तक्रार होती. बहमनी बाजूच्या इतिहासात ही हकीकत अशी आली आहे. त्या राजांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचा मुलुख त्यांच्या हातून जात होता, हेही खरं. पण व्यापाऱ्यासाठी गोष्ट साधी होती. दाभोळ ताब्यात असून उपयोग नाही, जर मागचा घाट आणि पुढचा समुद्र दुसऱ्याच्या मर्जीवर असेल.

काम सोपं नव्हतं. खलफ हसन आपल्या फौजेसह याच जंगलात मारला गेला होता. गावान यांनी घाई केली नाही. झाडी तोडून आधी वाट केली, मग पुढे सरकले. पावसाळा आला तेव्हा वेढा उठवून कोल्हापूरला आले आणि तिथे झोपड्यांची छावणी घालून पाऊस संपायची वाट पाहिली. पावसाशी भांडायचं नसतं, त्याला वेळापत्रकात धरायचं असतं, हे व्यापाऱ्याला माहीत होतं. खेळणा पडला. १४७१ च्या अखेरीस संगमेश्वरही हाती आलं. १४७२ च्या सुरुवातीला जमिनीवरून फौज आणि समुद्रातून जहाजं अशी दुहेरी चाल करून त्यांनी विजयनगरकडून गोवा घेतलं. विजयनगरला घोडे पुरवणारं ते मोठं बंदर होतं.

तीन वर्षांनी ते बिदरला परतले, तेव्हा सुलतान स्वतः त्यांच्या घरी जाऊन राहिला. राजमातेने त्यांना भाऊ म्हटलं. इतिहासकार फिरिश्ताने यानंतरचा एक प्रसंग सांगितला आहे. सुलतान गेल्यावर गावान यांनी खोलीचं दार लावलं, भारी कपडे उतरवले आणि ते खूप रडले. मग आलिम आणि फकीर लोकांना बोलावून घरातली संपत्ती वाटून टाकली. फक्त पुस्तकं, घोडे आणि हत्ती ठेवले. कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की पुस्तकं विद्यार्थ्यांची आहेत आणि घोडे-हत्ती सुलतानाचे. त्यांचं स्वतःचं असं त्यात काही नव्हतं.

दोन हिशेब, दोन तिजोऱ्या

वजीर झाले तरी व्यापार सुटला नाही. त्यांची माणसं दूरदूर माल घेऊन फिरत. तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराच्या जुन्या दप्तरात, दख्खनी कापड विकायला आलेल्या त्यांच्या गुमास्त्यांची नोंद सापडते. उस्मानी सुलतान दुसरा मुहम्मद आणि हेरातचे मोठे शायर मौलाना जामी यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. ही पत्रं 'रियाज-उल-इन्शा' या संग्रहात आहेत. बिदरहून बुर्सापर्यंत ओळखीची माणसं असणं, म्हणजे कुठल्या वाटेवर काय चाललंय याची खबर असणं. त्या काळात व्यापाऱ्याच्या अंदाजाला हाच आधार होता.

हिशेबाच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. इराणहून आणलेल्या मूळ भांडवलावर व्यापार चालायचा आणि त्यातून त्यांचं स्वतःचं साधं जेवणखाण भागायचं. सरकारातून मिळणारं उत्पन्न फौजेवर आणि गरिबांवर खर्च व्हायचं. एक पैसा इकडचा तिकडे नाही.

१४७२ च्या सुमारास बिदरमध्ये त्यांनी मदरसा बांधला. तीन मजली इमारत, इराणी धाटणीच्या रंगीत फरशा, उंच मिनार. परमुलखातून आलिम बोलावले, मोठं ग्रंथालय उभं केलं. १६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटात तिचा मोठा भाग कोसळला. जे उरलं आहे ते आजही बघण्यासारखं आहे. मुंबईहून बिदरला जाणाऱ्यांनी किल्ल्याबरोबर तासभर इथेही काढावा.

राज्यकारभारात त्यांनी चार तरफांच्या आठ तरफा केल्या. दौलताबादमधून जुन्नर वेगळं काढलं. प्रत्येक तरफदाराच्या हातात एकच किल्ला ठेवला, बाकीच्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. जमीन मोजून महसूल ठरवला. निकितिनचा घोडा ज्या मनमानीने अडकला, तशा मनमानीला आळा घालायचा तर एका माणसाच्या हातातली सत्ता कमी करावीच लागते. पण ज्यांची सत्ता कमी झाली, ते गप्प बसणारे नव्हते. दख्खनी आणि परदेशी अमीर यांच्यातला तंटा आधीपासून होताच. गावान यांनी दोन्ही बाजूंना जागा वाटून दिल्या, तरीही आग विझली नाही.

शिक्का खरा, मजकूर खोटा

१४८१ साली सुलतान दक्षिणेच्या मोहिमेवर होता. दरबारातल्या विरोधकांनी संधी साधली. यात निजाम-उल-मुल्क बहरीचं नाव पुढे येतं. गावान यांचा शिक्का ज्याच्याकडे असायचा, त्या नोकराला दारू पाजून एका कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला गेला. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला उद्देशून मजकूर लिहिला: राज्य अडचणीत आहे, चालून या. तो कागद सुलतानाच्या हाती पोहोचवला.

सुलतान नशेत होता. त्याने गावान यांना बोलावलं. हितचिंतकांनी जाऊ नका म्हणून विनवलं, पळून जायचीही सोय होती. ते गेले. कागद पाहून त्यांनी मान्य केलं की शिक्का आपला आहे, आणि तितक्याच ठामपणे सांगितलं की मजकूर आपला नाही. चौकशी झालीच नाही. ५ एप्रिल १४८१ या दिवशी, वयाची सत्तरी गाठलेल्या त्या माणसाचं डोकं उडवण्यात आलं.

नंतर सुलतानाने त्यांच्या खजिन्याची तपासणी केली. डोंगराएवढी दौलत सापडेल असं त्याला वाटलं होतं. सापडले ते दोन वेगळे हिशेब आणि जवळजवळ रिकामी तिजोरी. सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण वर्षभरातच तोही गेला. पुढच्या काही वर्षांत बहमनी राज्याचे तुकडे पडू लागले: अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड, मग बिदर आणि गोवळकोंडा. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी दाभोळ जाळलं, १५१० मध्ये गोवा घेतलं. मग आपल्याच समुद्रात गलबत न्यायला पोर्तुगीजांचा परवाना लागू लागला. तो कागद नसेल तर माल जप्त. एका माणसाच्या जाण्याने हे सगळं घडलं असं म्हणता येणार नाही. पण वाट राखणारा गेला आणि वाट दुसऱ्याची झाली, हे मात्र झालं.

आज न्हावा शेवात

२६ मे १९८९ रोजी न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं आणि नवी मुंबईच्या नोडमधल्या हजारो घरांचं आयुष्य त्याच्याशी जोडलं गेलं. इथे कंटेनर मोकळा व्हायला काय काय लागतं ते बघा. जहाज धक्क्याला लागतं, क्रेन कंटेनर उतरवते, तो यार्डात जातो. कस्टमकडे बिल ऑफ एंट्री भरलेलं असावं लागतं, ड्यूटी भरावी लागते, तपासणी निघाली तर ती पार पडावी लागते. आऊट ऑफ चार्ज मिळावा लागतो, शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर हातात यावी लागते. मग गाडीला गेट. यातली एक कडी अडली की बाकीच्या तयार असून उपयोग नाही. म्हणून फक्त जहाजाची तारीख बघून गाडी बुक करणारा फसतो. जो जुना माणूस प्रत्येक कडीला किती दिवस लागतात याची वही ठेवतो, त्याचा अंदाज जवळपास जातो. पावसाळ्यात, सणासुदीला, एकाच वेळी दोन-तीन मोठी जहाजं आली तर किती दिवस धरायचे, हे त्या वहीतच कळतं.

२०१६ पासून न्हावा शेवातल्या कंटेनरवर इलेक्ट्रॉनिक टॅग लावायला सुरुवात झाली. कंटेनर बंदरातून कधी निघाला, कुठल्या टोलनाक्यावरून गेला, हे त्यामुळे कळू लागलं. आता कॉम्प्युटर जुन्या नोंदी तपासून पुढची तारीख सांगायचा प्रयत्न करतात. चांगली गोष्ट आहे. ड्रायव्हरचे दोन दिवस वाचले तर त्याच्या घरातले दोन दिवस वाचतात. पण मशीन तेवढंच सांगू शकतं, जेवढं खरं त्यात भरलेलं असतं. वजन चुकीचं दाखवलं, मालाचं नाव बदललं, कोऱ्या कागदावर सही करून ठेवली, की सगळा अंदाज कोसळतो. आणि शेवटी अडकतो तो बहुतेक वेळा कागद नेणारा पोरगा किंवा गाडीवरचा ड्रायव्हर.

म्हणून क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या धंद्यात पाऊल टाकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी गावान यांच्या आयुष्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आपला हिशेब आणि दुसऱ्याचा हिशेब कधी एक करू नये. आणि आपला शिक्का, आपली सही, आता आपला पासवर्ड आणि ओटीपी, दुसऱ्याच्या हातात सोडू नये, मग तो कितीही जवळचा असो. बिदरजवळ गावान यांची कबर आहे, साधी, घुमटाशिवायची. दख्खनच्या सर्वात मोठ्या वजिराचं घर एका नोकराच्या गाफीलपणाने बुडालं. आपल्या घरात मागे रिकामी तिजोरी राहिली तरी चालेल, हिशेब मात्र त्यांच्यासारखा चोख राहावा.